नववा ठोका

सकाळी दहाला माझ्या टेबलावर चहा येतो आणि सव्वादहाला वाटणी येते. माणसाचा पाय तुटला की त्याच्या दोषाची प्रसादासारखी वाटणी होईल, आणि ती तपासून सही करायचा तुला पगार मिळेल, असं बारा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता सवय झाली आहे. चहात माशी पडली तर मी जास्त चिडते.

त्या दिवशीची वाटणी अशी होती. उत्तम दगडू तौर, ट्रॅकमन, वय छप्पन्न, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला: अठ्ठावन्न टक्के. शिट्टीवाला रफिक: तेवीस. मुकादम: तेरा. गोदातट मालवाहतूक कंपनी: सहा. एकूण शंभर. खाली माझं नाव, सारिका डोंगरे, कंपनवाचक, आणि सहीसाठी मोकळी जागा.

अठ्ठावन्न म्हणजे काय, ते आमच्या न्यायपीठातल्या शिपायालाही कळतं. नव्या कायद्यात जखमी माणसाचा स्वतःचा दोष निम्म्याच्या वर गेला की त्याचा दावा तिथंच संपतो. दावा टिकला असता तर उत्तमकाकांना चालता पाय मिळाला असता, म्हणजे मोटर बसवलेला, खडीवरसुद्धा तोल सांभाळणारा. आणि मरेपर्यंत राहायला वसाहतीतली खोली. अठ्ठावन्नला यातलं काहीच नाही. महिन्याभरात खोली खाली करायची आणि कुबडी घेऊन जायचं कुठं जायचं तिकडं.

मी काका म्हणते, कारण मी परकर घालत होते तेव्हापासून त्यांना ओळखते. माझे वडील त्याच लाइनवर होते. माझा मोठा भाऊ भागवत आजही उत्तमकाकांच्याच गँगमध्ये आहे. मग हे प्रकरण मला दिलंच कसं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. आमचे साहेब म्हणाले, "तुमचा भाऊ पक्षकार थोडाच आहे? नुसता हजर होता. नियमात बसतंय." आमच्याकडे नियमात काय काय बसवतात!

आता ही वाटणी करणारं यंत्र ऐकतं कसं, ते सांगते. रुळाच्या कडेनं हातभर खोल एक काचेची तार पुरलेली असते, केसाएवढी. मुळात ती फोन आणि सिग्नलसाठी टाकलेली. तिच्या एका टोकातून सेकंदाला दोन हजार वेळा लेझरचा झोत सोडतात. काच कितीही शुद्ध केली तरी आत बारीक खडबड राहतेच, आणि त्या प्रत्येक ठिकाणाहून थोडासा प्रकाश मागं परततो. वर कुणी पाऊल टाकलं की माती दबते, तार ताणली जाते. किती? केसाच्या जाडीचा लाखावा भाग. तेवढ्यानं परत येणाऱ्या प्रकाशाची नक्षी बदलते, आणि तो परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते. म्हणजे चाळीस किलोमीटरची तार झाली चाळीस हजार कानांची रांग, दर मीटरला एक कान. कुत्रं गेलं, म्हैस गेली, माणूस गेला, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. गँगमधल्या निम्म्या लोकांना मी पावलावरून ओळखते.

हे झालं ऐकणं. पुढचं काम वाटणीचं. यंत्र त्या अपघाताची दहा हजार वेळा उजळणी करतं आणि दरवेळी एका माणसाची एक गोष्ट बदलून बघतं. उत्तम तीन सेकंद आधी हलला असता तर? रफिकनं शिट्टी लांब मारली असती तर? कुणाला बदलल्यावर अपघात किती वेळा टळतो ते मोजायचं आणि त्या प्रमाणात दोष वाटायचा. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! नोकरी लागली तेव्हा मी आईला पेढा भरवून हे सगळं तासभर समजावलं होतं. ती म्हणाली, बरं झालं बाई, गरिबाला आता खोटं पाडता येणार नाही.

मेख पुढे आहे. बदलून काय बघायचं नाही, याचीही एक यादी असते. तिला म्हणतात स्थिर परिस्थिती. वळण, डोंगर, धुकं, ऊन. आणि त्याच यादीत कंपनीनं कार्यालयात बसून घेतलेले निर्णय. कारण काय, तर ते निर्णय रुळावर घडलेले नाहीत, त्यांचं पाऊल तारेवर पडलेलं नाही. यादी कंपनीच भरते. जखमी माणसानं पंधरा दिवसांत हरकत घ्यायची. ते पंधरा दिवस उत्तमकाका अतिदक्षता विभागात नाकात नळ्या घालून पडले होते.

त्या यादीतला एकोणिसावा मुद्दा होता: इशारा-पट्टे वितरित नाहीत. अहो, तारेला रुळावरचा माणूस अपघाताच्या आधीसुद्धा ऐकू येतो की! गाडी यायच्या दोन मिनिटं आधी त्याच्या मनगटावरचा पट्टा थरथरला पाहिजे, अशी सोय झालेली होती. पट्टे आले होते. पिंपळदरीच्या स्टोअरमध्ये दोन खोकी चार महिने सीलबंद पडून होती, कारण त्यांचं वाटप संचालकसाहेबांच्या हस्ते व्हायचं होतं आणि साहेबांची तारीख मिळत नव्हती. मांडववाल्याला दोनदा सांगून दोनदा रद्द केलं होतं. हे मला भागवतनं हसत हसत सांगितलं होतं, अपघाताच्या आधी. आता ती खोकी डोंगर आणि धुक्याच्या पंगतीला बसली होती. वाचताना मला अक्षरशः किळस आली, पण किळस लिहायला अहवालात रकाना नाही.

उत्तमकाकांवर अठ्ठावन्न आले ते ठोक्यांमुळे.

ठोका म्हणजे गँगची जुनी पद्धत. गाडी दिसली की शिट्टीवाला शिट्टी मारतो. मग प्रत्येकजण अवजार उचलून रुळाबाहेर येतो आणि लांब दांड्याच्या हातोडीनं रुळाला एक ठोका देतो. मी बाहेर आलो, असा त्याचा अर्थ. मुकादमाचा पहिला, मग जो जसा बाहेर पडेल तसा. शिट्टीवाला ठोके मोजतो. सगळे आले की हिरवं निशाण. माझ्या वडिलांच्या काळी हे आपापसातलं होतं. कंपनीनं ते उचललं, त्याला 'स्वीकृती ठोका' असं भारदस्त नाव दिलं आणि नियमावलीत घातलं. एकाचा ठोका दुसऱ्यानं द्यायचा नाही, असंही लिहिलं.

बारा मार्चला सकाळी अकरा चाळीसला रफिकनं शिट्टी मारली. बिनचालकाची विजेची मालगाडी, फारसा आवाज नाही. भोंगाही नाही, कारण शेजारच्या नव्या सोसायटीची तक्रार. गँगमध्ये नऊ माणसं, तारेवर नऊ ठोके. रफिकनं हिरवं दाखवलं. गाडी आली आणि उत्तमकाका रुळातच ड्रिल धरून उभे होते. ड्रिल थांबवलं तेव्हा त्यांना पायाखाली थरथर जाणवली. त्यांनी उडी मारली, पाय मागं राहिला. इंजिनानं ब्रेक थोडा उशिरा लावला, कंपनीचे सहा टक्के तेवढ्याचे.

अहवाल म्हणत होता: नऊ माणसं, नऊ ठोके, म्हणजे उत्तम तौरला शिट्टी कळली होती. कळूनही तो परत रुळात गेला. घोर हयगय.

छप्पन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं लाइनवर काढलेली, ठोका देऊन परत रुळात जाईल? कशाला, डोंबल मोजायला? मी तारेची मूळ नोंद उघडली. यंत्र ठोके नुसतं मोजतं. नियमावलीत मोजायचंच सांगितलं आहे, जागा बघायला सांगितलेलं नाही. मी जागा बघितल्या. आठवा ठोका दोनशे बारा मीटरवर. नववाही दोनशे बारावरच, दीड सेकंदानं. तीच हातोडी, तोच हात. उत्तमकाका त्या वेळी दोनशे अठ्ठेचाळीसवर.

दोनशे बारावर कोण उभं होतं ते बघायला मला यंत्र लागलं नाही. उजवी टाच जराशी घासत पडणारं पाऊल. बाभळीवरून पडला तेव्हापासून तो तसाच चालतो. त्याला झाडावर चढायला मीच लावलं होतं, शेंगा पाडायला.

रविवारी सकाळी मी भागवतच्या खोलीवर गेले. तो दारात मोटारसायकल पुसत बसला होता. वहिनी पोरींना घेऊन बाजारात गेली होती, ते एक बरं झालं.

"दादा, उत्तमकाकांचा ठोका कोण देतं?"

त्याचा हात थांबला. "कोन म्हंजे? त्येंचा त्येच."

"मला शिकवू नकोस. तार माझ्याकडे आहे."

त्यानं फडकं पिळलं, परत पिळलं. त्यातून थेंब येत नव्हता तरी पिळत राहिला. मग म्हणाला, "दोन वर्सं झाली. डाव्या कानानं कायबी न्हाई. उजव्यात जवळ जाऊन वरडलं तर कळतं. खडी ठोकायच्या मशीनवर अठरा वर्सं काढली त्या मानसानं, कान ऱ्हातील का? तपासनीत नापास झाला की घरी. मग आमी ठरिवलं. मी त्येच्या बाजूला ऱ्हायचं. शिट्टी झाली की दंडाला धरून बाहेर घ्यायचं आन दोन ठोके द्यायचे. येक माजा, येक त्येचा."

"ठरवलं म्हणजे कुणी?"

"समद्यांनी. रफिकला म्हाईत हाय, मुकादमाला म्हाईत हाय."

"आणि वर्षाची कानाची तपासणी?"

"तिथं बी मीच मागं उबा ऱ्हायचो. आवाज आला की पाठीत बोट लावायचो. त्यो हात वर करायचा." एवढं बोलून त्याला हसू आलं, आणि लगेच गेलंही.

मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर. "मग त्या दिवशी काय झालं?"

"त्या दिवशी नवा हुकूम. सोळाची गँग नऊवर आनली ना, मग येकयेकानं चाळीस पावलं लांब ऱ्हायचं. तरी म्या मान वळवून बगितलं. त्यो ताठ उबा ऱ्हायला, गाडीकडं तोंड केलं. म्या म्हनलं, बगितली. दिला ठोका." तो खाली बघत बोलत होता. "त्यो घाम पुसत व्हता, सारिके."

"पळत का नाही गेलास?"

"मला वाटलं बगितली."

"वाटलं! दादा, चाळीस पावलं होती रे फक्त!"

मला त्याचा राग आला, कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. निघताना त्यानं विचारलं, "तू सांगनार का?" मी चपला घातल्या. "माज्या पोरी बारक्या हायेत," तो म्हणाला. जशा काही त्या माझ्या कुणीच नव्हत्या.

सोमवारी मी नवव्या ठोक्याची जागा बरोबर भरली आणि यंत्राला परत वाटणी करायला लावली. सात मिनिटं लागली. भागवत डोंगरे त्रेसष्ट. उत्तम तौर सतरा. रफिक नऊ. मुकादम पाच. कंपनी सहा. एकूण शंभर. सतराला उत्तमकाकांचा पाय आणि खोली दोन्ही पक्कं. आणि त्रेसष्टला? सहकाऱ्याचा दोष निम्म्याच्या वर गेला की नोकरी त्याच दिवशी जाते, वसाहत सुटते आणि फौजदारीची फाइल उघडते.

मला त्या सहांची शिसारी आली. चार माणसांत सगळं खालीवर झालं. अठ्ठावन्नचे सतरा झाले, शून्याचे त्रेसष्ट झाले. सहा जागचे हलले नाहीत. मग मी करू नये ते केलं. एकोणिसावा मुद्दा स्थिर परिस्थितीतून काढला आणि यंत्राला सांगितलं, आता खोकी उघडून बघ. पट्टे मनगटावर असते तर? दहा हजारांपैकी नऊ हजार सातशे वेळा उत्तमकाका रुळाबाहेर. पडद्यावर लाल पट्टी आली: अनधिकृत बदल, हा निष्कर्ष ग्राह्य नाही. आणि आकडे आपोआप पुसले गेले.

कंपनीच्या वकील नंदिता कारखानीस मला दुपारी न्यायपीठाच्या कँटीनमध्ये भेटल्या. पुण्याच्या, शांत, साबुदाणा वडा काट्याचमच्यानं खाणाऱ्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "मॅडम, ती खोकी. साहेबांची तारीख मिळेना म्हणून चार महिने बंद. ही हयगय नाही?"

"ती परिस्थिती आहे," त्या म्हणाल्या. "दुर्दैवी आहे, मी नाकारत नाही. पण संचालक त्या दिवशी रुळावर नव्हते. जो जागेवर नव्हता त्याचा दोष कसा मोजणार? तुमच्याच तारेत त्यांचं पाऊल दाखवा, मी मान्य करते."

"आणि ठोक्यांचं काय? नववा ठोका..."

"दोनशे बारावरचा ना?" त्यांनी दही घेतलं. "डोंगरेबाई, तार आम्हालाही वाचता येते. आमच्या माणसानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून आमचं काय बदलतं? असे सहा, तसेही सहा. ती दोन कामगारांमधली बाब आहे. त्यांच्यातलं आम्ही कशाला ओढवून घ्यायचं?" मग अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "म्हणून तर हे प्रकरण तुम्हाला द्यावं असं आम्ही सुचवलं. तुम्ही अनुभवी आहात, आणि घरच्यासारख्या आहात. जो काही निर्णय घ्याल तो विचार करून घ्याल."

मला वाटलं, ते दही उचलावं आणि त्यांच्या पदरावर ओतावं. मी उठले आणि बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. साबण संपला होता. मी तरी हात चोळत राहिले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी उत्तमकाकांकडे गेले. खोलीत औषधांचा आणि करडीच्या तेलाचा वास. काका पलंगावर बसले होते, पायाच्या जागी लुंगीची घडी घातलेली. चंद्रकलाकाकू चुलीपुढून उठल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "ये बाई. तुजा भाऊ कालच येऊन रडून गेला."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी काकांच्या उजव्या बाजूला बसले आणि मोठ्यानं बोलायला लागले. त्यांनी हातानंच मला थांबवलं. त्यांचा आवाज नेहमीचा, बहिऱ्या माणसाचा, तीन घरांत जाईल एवढा. "म्या सांगनार हाय, ठोका म्याच दिला! शिट्टी ऐकली, ठोका दिला, आन इसरून परत आत गेलो! बास!"

"काका, मग तुम्हाला काहीच मिळणार नाही."

"ऑं?"

मी परत ओरडले. वसाहतभर ऐकू गेलं असेल.

"माजा पाय गेला तो गेला. भागवतची नोकरी गेली म्हनून त्यो उगवनार हाय का? दोन वर्सं त्या पोरानं मला हाताला धरून बाहेर काडलं. येक दिस चुकला. त्येला फासावर देऊ?"

"आन मला?" काकूंनी पळी आपटली. "मला कुनी धरायचं हाताला? ह्यांचा मोठेपना मी चुलीवर शिजवू? सारिका, ह्यांना हागायला न्यायचं तर मी आन शेजारची, दोघी लागतो. उद्या खोली गेली तर शेजारीन बी गेली. ती पट्ट्यांची खोकी बंद ठिवनारा भाड्या मोकळा, आन आमी दोन घरं येकमेकांचा गळा धरून बसलो. थू त्येंच्या तोंडावर!"

काकांना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. ते भिंतीकडे बघत होते. काकू माझ्याजवळ आल्या, पिठाचे हात तसेच, आणि माझं मनगट धरलं. "तू तरी खरं बोल, बाई. मी तुज्या भावाचं वाईट चिंतीत न्हाई. पन जे झालं तेवढंच बोल."

"खरं तेच सांगेन, काकू," मी म्हणाले. आणि म्हणाले तेव्हा मला तसंच करायचं होतं, एवढं तरी लिहून ठेवते.

सुनावणी अकराला लागली. अध्यक्ष बोंद्रेसाहेब, समोर कारखानीस, या बाजूला उत्तमकाकांना सरकारकडून मिळालेले वकील खिल्लारे, ज्यांनी फाइल त्याच सकाळी उघडली असावी, कारण ते काकांना उत्तरेश्वर म्हणत होते. भागवत काकांच्या शेजारी बसला होता, त्यांची कुबडी मांडीवर आडवी धरून. माझ्या पिशवीत दुसरी वाटणी होती, त्रेसष्टची. मी ती सकाळी छापून घेतली होती. ठरलं होतं माझं.

कारखानीसबाई काकांच्या अगदी उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, तोंड त्यांच्याकडे करून, आणि लहान मुलाशी बोलावं तसं एकेक अक्षर मोठ्यानं बोलल्या. "शिट्टी ऐकू आली होती?"

"आली!"

"ठोका कुणी दिला?"

"म्या!"

कुठे उभं राहायचं, किती मोठ्यानं बोलायचं, सगळं त्यांना बरोबर माहीत होतं. मागं चंद्रकलाकाकू उठल्या, "खोटं हाय ते!" शिपायानं त्यांना खाली बसवलं. बोंद्रेसाहेब म्हणाले की पुन्हा आवाज आला तर बाहेर काढावं लागेल.

मग माझी पाळी. बोंद्रेसाहेबांनी विचारलं, "कंपनवाचक, सांगा. नववा ठोका उत्तम तौर यांचाच, हे तारेवरून सिद्ध होतं?"

मी भागवतकडे बघितलं. म्हटलं, ऊठ. मी सांगण्याआधी तू ऊठ आणि म्हण, माझा होता. तू उठलास तर मला तुझ्याविरुद्ध बोलावं लागणार नाही, आणि तुला पुढे आरशात तोंड बघता येईल. मी मनात दहापर्यंत मोजलं त्याच्यासाठी. सहाला त्यानं वर पंख्याकडे बघितलं. आठला कुबडीवरचं रबर नखानं खरवडलं. दहा झाले. मला त्याची घाण वाटली. माझ्या सख्ख्या भावाची, ज्यानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याची. आणि त्याच क्षणी त्याच्या दोन पोरी डोळ्यांपुढे आल्या, धाकटी तर पडलेले दात दाखवत हसणारी.

"मॅडम?" बोंद्रेसाहेब म्हणाले.

"होय," मी म्हणाले. "त्यांचाच आहे."

टंकलेखकानं तेवढं टिपलं. आणि उत्तमकाका भागवतकडे वळले. त्यांना वाटलं असेल आपण कुजबुजतोय. सगळ्या दालनाला, दाराबाहेरच्या शिपायाला, खाली पायऱ्यांवर बसलेल्या लोकांनासुद्धा ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय म्हनली रं ती?"

शिट्टी ऐकू आली, असं शपथेवर सांगितल्याला पाच मिनिटं झाली नव्हती. आणि मी त्यांच्यापासून आठ फुटांवर, माइकमध्ये बोलले होते.

टंकलेखकाची बोटं थांबली. त्यानं बोंद्रेसाहेबांकडे बघितलं. बोंद्रेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागदांत काहीतरी शोधायला लागले. कारखानीसबाई पाणी प्यायल्या. खिल्लारे, त्यांचे स्वतःचे वकील, खाली मोबाइल बघत होते. कुणी काही ऐकलं नाही. टंकलेखकानं ते वाक्य टिपलं नाही.

भागवतनं काकांच्या उजव्या कानाला तोंड लावलं. "तुमचाच म्हनली."

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. त्यांच्या मागं चंद्रकलाकाकू बसल्या होत्या. त्या ना नवऱ्याकडे बघत होत्या, ना साहेबांकडे. माझ्याकडे बघत होत्या.

"सही करा, डोंगरेबाई," बोंद्रेसाहेब म्हणाले. "पुढची पाच प्रकरणं आहेत."

मी सही केली.